उभ्या झाडाची पारख

१८ ऑक्टोबर १९८७

आज वखारीत गेले. रशीदचाचा घरी आले अन् म्हणाले, "बेटी, नाना म्हणून राह्यले, तिला चल म्हणावं." नाना तीन हातांवर उभे होते, माझ्याकडे पाठ करून. तरी निरोप चाचांच्या तोंडून!

सासर सोडून आले त्याला सव्वा वर्ष झालं. गाव नदीच्या पलीकडंच आहे, शहागडचा पूल ओलांडला की पाऊण तासाची वाट. आले त्या दिवशी नानांनी एवढंच विचारलं, "परत कधी जाणार?" मी म्हटलं, जाणार नाही. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. तिथं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. आई असती तर तिनं विचारलं असतं. मी पण सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही.

वखारीत बोलावलं त्याचं कारण नानांचे डोळे. काचबिंदू. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकली तरी पुष्कळ. चाळीस वर्षं ह्या माणसानं उभी झाडं विकत घेतली. कुणाच्या बांधावर जायचं, बाभळीला नाहीतर कडुलिंबाला एक चक्कर मारायची अन् आत किती लाकूड आहे ते बोलून टाकायचं. आता समोर झाड आहे का माणूस तेच कळत नाही. चाचा आऱ्यावरचे मिस्त्री, त्यांना सारखं मशीन सोडून जाता येत नाही. नानांना डोळे पाहिजे होते. डोळ्यांसोबत मी पण आले, त्याला इलाज नाही.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. आऱ्याला झेंडूचा हार घातला. घरात माणसं दोन. करंज्या अकरा केल्या, सात उरल्या.

४ नोव्हेंबर

डोकं भुश्यानं भरलं. नाकात भुसा, कानात भुसा, पोळीत पण भुसा लागला.

अंकुशनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊस ओढणाऱ्या गाड्या निघतात, म्हणून सगळ्यांना बाभूळ पाहिजे — जू, धुऱ्या, गाडीचा साटा. दार-चौकटीला लिंब, कारण त्याला वाळवी शिवत नाही. चाचा लाकडाचा तुकडा उचलतात, माझ्या नाकाखाली धरतात अन् म्हणतात, "बोल." पहिल्या दिवशी नऊपैकी चार बरोबर आले. आज आठ. नववा म्हणजे चिंच होती, तिचं नाव माझ्या तोंडातून निघेना.

हिशोबाची रीत पण शिकले. झाडाची गोलाई दोरीनं घ्यायची, तिचा चौथा हिस्सा करायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मंग लांबीनं. मी मॅट्रिक पास, कागदावर करते. नाना कागदाशिवाय करतात, अन् माझ्याआधी त्यांचं उत्तर येतं. आज एकदा माझं आधी आलं. नाना चाचांना म्हणाले, "चहा सांग रे," आणि चहा तीन आले. रोज दोन येतात.

१९ नोव्हेंबर

पहिल्यांदा झाड बघायला गेले. अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचं असतं, चांदण्यात तोडलेल्या लाकडाला किडा लागतो. सगळी धावपळ ह्या दोन आठवड्यांत.

शेताचा मालक माझ्याकडे बघतच नव्हता. मी विचारायचे, "झाड किती वर्षांचं?" तो उत्तर चाचांना द्यायचा. चाचा म्हणाले, "मला काय सांगून राह्यला? मी ड्रायव्हर." चाचांना सायकल पण येत नाही. मला हसू आवरेना, पदर तोंडात घातला.

पारखायचं असं — कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं बुंध्याला ठोकायचं. भरीव असलं तर आवाज कोरडा येतो, पोकळ असलं तर घुमतो. मंग गोलाई. मंग वर बघायचं, फांदी कुठं वाळलीय का. नानांनी मात्र शेवटी झाडाला दोन्ही हात लावले अन् पार डोक्याच्या वरपर्यंत चोळत चोळत सगळं खोड फिरले. डोळे गेल्यामुळं करतात, असं मला वाटलं. बघवेना. मी तिकडं तोंड केलं.

३ डिसेंबर

आज दिवसभरात कुणाशीच बोलले नाही. चाचा लग्नाला गेल्ते. नळावर बाया होत्या, माझी घागर आली तशा गप्प झाल्या. घरी आल्यावर मोठ्यानं म्हटलं, "भाजी अळणी झालीय." नाना जेवत होते. उठून मीठ त्यांनीच घेतलं.

२० डिसेंबर

बाभळीचे ओंडके नदीच्या डोहात टाकायला गेलो होतो. तीन-चार महिने पाण्यात मुरली की बाभूळ चिरत नाही, किडत नाही. डोहाशी उभं राहिलं की पूल डोक्यावर येतो. ट्रक, एसट्या, उसाच्या गाड्या, सगळं पलीकडं जाऊन राह्यलेलं. पलीकडून एखादी पांढरी टोपी आली की मी ओंडक्याच्या आड होते. सत्तावीस वर्षांची बाई, लपंडाव खेळते.

१४ जानेवारी १९८८

संक्रांत. वाणाला कुणी बोलावलं नाही. सरदारबी — चाचांची बायको — संध्याकाळी वाटीभर शेवया घेऊन आली. म्हणाली, "तुमारा सण है ना, म्हणून." मी तिला तिळगूळ दिला. ती बसली, अर्धा तास तिच्या गुडघ्यांचं सांगत होती. मला तिचे गुडघे फार आवडले.

२५ जानेवारी

वाईट झालं.

अंबडहून भुजंग म्हणून एक माणूस आल्ता, त्याच्या दोन वखारी आहेत. आरा बघितला, शेड बघितलं, मोजमाप केलं. मला म्हणाला, "ताई, पाणी आणता का?" तो गेल्यावर नाना खाटेवर बसले अन् चाचांना म्हणाले — मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी — "पाडव्याला वखार भुजंगला देऊन टाकतो. मला दिसत न्हाई, किती दिवस ओढू? अन् जावयाला पत्र टाकतो. माझ्या माघारी हिला कोण? तिचं घर तिकडंच."

तांब्या ठेवला अन् मीही चाचांनाच म्हटलं, "चाचा, नानांना सांगा, मी पूल ओलांडणार नाही. ओलांडला तर मधोमध थांबेन."

नानांचा चेहरा एकदम उतरला. मला तेव्हा बरं वाटलं. आता वाटत नाही.

चाचा मधे बसले. दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाले, "नाना, एक काम करा. पाडव्याला वखत आहे. एक मोठं झाड हिला एकटीला घेऊ द्या. बघणं हिचं, तोडणं हिचं, कापून फळ्या निघेपर्यंत सगळी जिम्मेदारी हिची. बराबर निघालं तर वखार हिच्या हातात. चुकली तर भुजंग हाईच."

नानांनी काठी जमिनीवर फिरवली. मंग म्हणाले, "चुकली तर मंग तिनं बी काही म्हणायचं न्हाई."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हटलं.

८ फेब्रुवारी

झाड मिळालं. संपत नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावरचा लिंब. इथून चार कोसांवर, फाट्यापर्यंत एस्टी, मंग पायी. एकटीच गेले. काय झाड! माझ्या कवेत येणार नाही एवढा बुंधा, पंधरा फुटांपर्यंत फांदी नाही, सरळ. ठोकून बघितलं, आवाज खणखणीत कोरडा. दोरीनं गोलाई घेतली. शेंडा हिरवा. संपत म्हणाला, "आमच्या आज्यानं लावलेला, एक किडा न्हाई त्याला."

विहिरीवर चार-पाच माणसं विड्या ओढत माझा तमाशा बघत होती. म्हणून नानांसारखं खोड चोळत फिरले नाही. लाज वाटली. बाईनं परक्या माणसांसमोर झाडाला कव घालायची म्हणजे! ठोकणं झालं, मोजणं झालं, तेवढं पुष्कळ.

घरी येताना गाणं म्हणत आले. रस्त्यात कुणी नव्हतं.

१२ फेब्रुवारी

तोडला. पडताना जमीन हलली. मुळापासूनचा दहा फुटांचा ओंडका ट्रॅक्टरवर चढवायला आठ माणसं लागली. जंगलखात्याच्या गार्डानं हातोड्यानं ठसा मारला, वाहतुकीचा पास दिला. वखारीत उतरवला तेव्हा नाना बाहेर आले, ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हात ठेवला, वास घेतला. चाचांना म्हणाले, "माल चांगलाय."

माल चांगलाय. माल चांगलाय. हे माझ्याबद्दलच आहे असं मी धरून चालते.

१९ फेब्रुवारी

पट्टा तुटला. चाचांचा हात गेला असता.

पहिल्या तीन फळ्या लोण्यासारख्या निघाल्या. चौथ्या कापाला कर्र आवाज आला, ठिणग्या उडाल्या अन् आऱ्याचा दातेरी पट्टा तुटून सापासारखा बाहेर आला. चाचांनी तोंड वाचवलं, हात पुढं केला. कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. रस्त्यावरचा ट्रक थांबवून अंबडच्या दवाखान्यात नेलं. चौदा टाके.

ओंडक्यात लोखंड होतं. खिळे. सालीनं पार गिळलेले, वरून काही दिसत नाही. मशीन चालू असताना मी तिथंच उभी होते, हसत.

२० फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. चाचांना वाटलं मी रडेन म्हणून तेच आधी बोलायला लागले. "बेटी, हे मी तुला सांगायला पाहिजे होतं. अंगात येणाऱ्या बायांना असल्या झाडाला आणतात. भूत खिळ्यात बांधून टाकतात. खिळ्याचं झाड कुणी विकत घेत न्हाई, म्हणून मालक कधी कबूल होत न्हाई. त्याला विचारायचंच न्हाई. गावातली म्हातारी गाठायची अन् विचारायचं, ह्या झाडाखाली कोण भगत बसायचा? म्हातारी सांगते. अन् नाना काय करतेत, हात फिरवतेत. खिळा जुना असला की साल तिथं गाठीसारखी उचललेली राहते. डोळ्याला दिसत न्हाई, हाताला लागते. नजर चांगली होती तेव्हा बी ते हातच फिरवायचे."

सरदारबी पलीकडं बसली होती. मला वाटलं, आता ही बोलेल, हिनं बोलायलाच पाहिजे. ती म्हणाली, "तू खाना खाई क्या?" तिथं मात्र रडले.

२३ फेब्रुवारी

आरा बंद. चाचा महिनाभर येणार नाहीत. म्हणजे नानांच्या अन् माझ्या मधलं तोंडच गेलं.

नाना आता भिंतीला सांगतात. "चहा झाला असंल तर बरं व्हईल." भिंत चहा करते. भिंत पाणी तापवते. आज सकाळी भिंतीला म्हणाले, "भुजंगला निरोप दिलाय." भिंत काय बोलणार? हो म्हटलं होतं तिनं.

२६ फेब्रुवारी

लिहायचं ठरवलंय.

ओंडका शेडमध्ये पडून होता. रिकामं बसवेना म्हणून दुपारी छिन्नी, हातोडी, पकड घेतली अन् एकेक खिळा काढत बसले. लिंबात लोखंडाभोवती लाकूड काळंनिळं होतं, तो डाग धरून गेलं की सापडतो. अठ्ठावीस निघाले. मुळाकडून टेप लावला. बहुतेक पाच फुटांच्या आसपास. उभं झाड मनात आणलं अन् त्याच्या शेजारी उभी राहिले, तर सगळे माझ्या डोक्याच्या उंचीला. दोन मात्र चार फुटांवर होते. त्या पोरी असतील.

एका खिळ्याभोवती केस होते. गुंडाळलेले, तांबूस पडलेले.

माझं सांगते. लग्नाला चार वर्षं झाली, पोर नाही. सासू म्हणाली, ही उलट बोलते, हिच्यात कुणीतरी शिरलंय. मी उलट बोलते हे खरं आहे. लहानपणापासून बोलते, तेव्हा कुणाला भूत दिसलं नाही. आषाढातल्या अमावास्येला भर दुपारी मला गावाबाहेरच्या चिंचेखाली नेलं. पाठ खोडाला लावून उभं केलं. शिवाजीनं माझे दोन्ही हात धरले. माझ्या नवऱ्यानं. भगतानं माझी बट खिळ्याला गुंडाळली अन् खिळा झाडात ठोकला. प्रत्येक घाव टाळूत जाऊन राह्यला. मंग म्हणाला, आता जोर लावून सुट. बट झाडाला राह्यली की भूत बी झाडाला राह्यलं. केस कापत नाहीत. आपलं आपणच ओढून सोडवायचं असतं.

ओढलं. सुटले. सुटले ती चालतच राहिले — रस्ता, पूल, शहागड, हे घर. डोक्यावर पदर होता, नानांना काही दिसलं नाही. ते म्हणाले, परत कधी जाणार?

अन् संपतच्या लिंबाला हात फिरवला नाही तो लाजेनं, असं मी ८ तारखेला लिहिलंय. ते खोटं आहे. विहिरीवरच्या माणसांना मी काय भिणार? खोडाजवळ गेले अन् हात मागं घेतला. झाड तेवढंच जाड होतं. मला त्याला चिकटायचंच नव्हतं. मी भ्याले, म्हणून चाचांचा हात फाटला.

खिळे काढताना नाना काठी टेकत आले. आवाजावरून कळलं असेल. ओंडक्यापाशी बसले, हात पुढं केला. मी तो केसांचा खिळा त्यांच्या हातावर ठेवला. बोटांनी चाचपला. केस लागले तेव्हा बोटं थांबली. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, माझे पण असेच एका झाडात आहेत."

दीड वर्षात मी त्यांना सरळ बोललेलं हे पहिलं वाक्य.

नाना खिळा हातात धरून बसले. मंग उठले अन् घरात गेले.

२ मार्च

काही नाही. पाच दिवस झाले. भिंतीशी पण बोलणं बंद केलंय. जेवण अर्धं टाकतात.

मला वाटून राह्यलं, त्यांना माझं खरं वाटलं नसेल. नाहीतर खरं वाटलं अन् भगतानं बराबर केलं असंच वाटलं असेल. दुसरंच जास्त वाईट आहे.

५ मार्च

नानांनी पोस्टमनला ओसरीवर बसवून कार्ड लिहून घेतलं. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू आलं. "चि. शिवाजीरावांस आशीर्वाद. पाडव्याला चुलत्याला घेऊन यावं. चतुराबाबत एकदा काय ते मिटवून टाकू."

चतुरा म्हणाले. माझं नाव त्यांच्या तोंडात अजून आहे. पण कुणासाठी आहे!

११ मार्च

चाचांना बघायला गेले. हात गळ्यात बांधलेला. बोटं हलतात, देवाची कृपा. मी सांगितलं, पाडव्याला जावं लागणार. शब्द दिलाय. सरदारबीनं माझ्या डोक्याला तेल लावलं. तिची बोटं एका जागी अडली. तिनं ती हळूच बाजूनं फिरवली.

१७ मार्च

पेटी भरली. पाच लुगडी, आईचा फोटो, गोलाईची दोरी. दोरी परत काढून खुंटीला लावली. तिथं कुणाची झाडं मोजणार आहे मी?

नानांचं धोतर धुतलं. उद्यापासून कोण धुणार, त्यांनी ते ठरवलं असेल. नदीवर उभी राहून पुलाकडं बघितलं. चालत किती पावलं होतील, येताना मोजली नव्हती.

पाडवा

शिवाजी अन् त्याचा चुलता सकाळच्या एस्टीनं आले. पेटी दारात होती. शिवाजीनं तिला हात घातला तेव्हा नाना म्हणाले, "खाली ठिवा." मंग माझ्याकडं तोंड केलं. मी उभी होते तिथंच बराबर.

"चतुरा, इथं माझ्यापाशी बस. मी तुला विचारलं न्हाई, ती माझी चूक. आता ह्यांच्यासमोर विचारून राह्यलो. तुला झाडाला कुणी बांधलं, हात कुणी धरले, नावानिशी सांग. मी ऐकतो."

सांगितलं. शिवाजी जमिनीकडं बघत होता. चुलता म्हणाला, घरातली गोष्ट आहे. नाना म्हणाले, "व्हय. माझ्या घरातली."

दुपारच्या एस्टीनं पूल ओलांडून दोघंच गेले.